दहा मीटर

वॉर्डाच्या फरशीवर चिकटपट्टीच्या दोन रेघा,
मध्ये दहा मीटर.
बाबा चालले. चौतीस सेकंद.
डांबर वितळलेल्या रस्त्यात चप्पल रुतावी
तसं एकेक पाऊल उपटत.

मग कमरेतून पाणी काढलं, चाळीस मिली,
खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत मावेल एवढं.
दुसऱ्या सकाळी तेच दहा मीटर
एकोणीस सेकंदांत.
वळताना भिंत धरली नाही.
मला म्हणाले, "काहून रडून राहिली वं?"
लघवीला आपले आपण गेले, आपले आपण आले,
पायजम्याची नाडीसुद्धा बांधून.

दोन दिवस टिकलं.

पस्तीस वर्षं त्यांनी तांडापेठ ते टिमकी पाणी सोडलं.
पहाटे साडेचारला खांद्यावर लोखंडी चावी,
सायकल, कंदिलासारखा टॉर्च.
मे महिन्यात बायका घागरी घेऊन अंगावर यायच्या,
तेव्हा ते म्हणत, "प्रेशर बराबर हाय बाई, लाइन पाहा."
डॉक्टर चांडक बाईंनी स्कॅन उजेडाला धरला,
मेंदूतली फुगलेली काळी तळी दाखवली,
आणि म्हणाल्या, "गंमत म्हणजे यात प्रेशर नॉर्मलच असतं."
बाबा खुदकन हसले.
त्यांना समजलं होतं. तेव्हा समजत होतं.

त्याच्याआधीचं वर्ष कुठे गेलं, ते सांगते.
"वय झालं" यात चार महिने.
कंपवाताच्या गोळ्यांत पाच.
गुडघ्याला महुवाचं तेल.
आई चादरी धुवायची आणि
शेजारच्या निनावे काकूंना सांगायची, पाणी सांडलं.

नंतरचं वर्ष तर आम्ही डोळ्यांदेखत घालवलं.
रेशनकार्डावर श्रावण हेडाऊ,
आधारवर श्रावणजी हेडाऊ.
एका "जी"पायी सात आठवडे
मी झोन ऑफिसच्या बाकावर.
मग नवतपा, मग ताप, मग बेड नाही,
मग बेड होता तर भूल देणारे सुट्टीवर.
पुण्याहून दादा फोनवर, "या वयात डोक्याला भोक?
जरा थांबू."
आणि मीही म्हटलं, दिवाळी होऊ दे.
हे फायलीत कुठेच लिहिलेलं नाही.
चकल्या तळताना म्हटलं होतं,
बाबा स्टुलावर बसून भाजणीत बोट फिरवत होते.

एक्केचाळीस सेकंद.
अठ्ठावन्न.
मग काठी, मग वॉकर,
मग वॉर्डातल्या पोरीने घड्याळ खिशात टाकलं.

डिसेंबरात झालं शेवटी.
कानामागे कातडीखाली व्हॉल्व्ह,
तिथून मानेतून, छातीवरून पोटापर्यंत नळी.
शुद्धीवर आल्यावर त्यांनी तो उंचवटा चाचपला, बराच वेळ.
मी वाट पाहत होते, की विचारतील,
कितीचा हाय? कोन्या कंपनीचा?
त्यांनी विचारलं, "हे काय व्हय?"

चालतात आता. खोटं नाही बोलणार.
दहा मीटर, एकोणतीस सेकंद, हातात काठी.
आईला नावाने हाक मारतात.
माझ्या मुलाला "बाबू" म्हणतात,
नाव सापडत नाही म्हणून.
रात्रीची चादर अजून आहे.
डॉक्टर बाई म्हणाल्या, "चांगलं आहे हे, खरंच चांगलं,"
आणि मार्चचा कागद पलटताना
एकोणीसच्या आकड्यावर त्यांचा अंगठा
जरा जास्त थांबला.
"तेव्हाच झालं असतं तर..." एवढंच.
पुढचं वाक्य त्यांनी स्टेपल केलं आणि फाइल मला दिली.

मधले दहा सेकंद
कोणाच्या नावावर टाकू?
जी-च्या? दादाच्या? चकल्यांच्या?

काल पहाटे साडेचारला दार वाजलं.
बाबा ओसरीत उभे, मफलर गुंडाळून,
खांदा एका बाजूला किंचित झुकलेला,
त्यावर काहीच नव्हतं.
"चाल लवकर," म्हणाले,
"लोकं वाट पाहून राहिले असतील."
मी चपला घातल्या.
फाटकापर्यंत किती लागले, मोजलं नाही.